आंब्याचं कॉकटेल गोडमिट्ट का होतं, आणि घरी ते नीट कसं जमवायचं

प्रश्न : मे महिन्यात घरी सहा जण येणार आहेत. मागच्या वेळी हापूसचा रस, व्होडका आणि बाटलीतला गोड लेमन सोडा एकत्र करून कॉकटेल केलं. पहिला घोट बरा लागला, नंतर मिट्ट गोड वाटायला लागलं. रस तळाला बसला, वर पाणी राहिलं आणि बर्फ विरघळल्यावर सगळंच पाणचट झालं. महागडं साहित्य न आणता चांगलं, ताजं, फळांचं कॉकटेल घरी होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं, आणि बऱ्याच बारपेक्षा चांगलं होऊ शकतं, कारण मे महिन्यात तुमच्या घरी खरा आंबा आहे. बारमध्ये वर्षभर तेच पेय द्यावं लागतं, म्हणून तिथे पुष्कळदा डब्यातला पल्प किंवा सिरप वापरतात. मी गोव्यात आणि पुण्यात बारमागे बरीच वर्षं उभी राहिले आहे. फळाची पेयं हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

तुमच्या कृतीत व्होडकाचा काही दोष नाही. त्यात आंबट काहीच पुरेसं नव्हतं, आणि बर्फ किती विरघळणार याचा हिशेब नव्हता. फळाचं कॉकटेल म्हणजे ज्यूसमध्ये दारू ओतणं नव्हे. गोड, आंबट, मद्य आणि पाणी या चार गोष्टी मोजून एकत्र आणायच्या असतात. त्यांतली पाणी ही गोष्ट घरी कोणीच मोजत नाही.

आधी आंबटपणाचं बघू. कैरीत साधारण २ ते ३ टक्के आम्ल असतं. तोच आंबा आढीत पिकला की आम्ल उतरत जातं आणि पूर्ण पिकलेल्या हापूसमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरतं. साखर मात्र १८ टक्क्यांच्या घरात पोचलेली असते. नुसता आंबा खाताना हे कळत नाही, कारण वास आणि गर आपल्याला गुंगवून ठेवतात. पण त्याच रसात गार पाणी, बर्फ आणि सोडा पडला की वास दबतो, गर पातळ होतो आणि जिभेवर एकटी साखर उरते. त्यात तुम्ही गोड सोडा घातलात, म्हणजे साखरेत साखर. त्या सोड्यातलं लिंबू चवीपुरतंच असतं, ते एवढी गोडी पेलू शकत नाही.

लिंबाच्या ताज्या रसात साधारण ६ टक्के आम्ल असतं. जगातली जुनी, टिकलेली आंबटगोड कॉकटेल्स पाहिलीत तर एका ग्लासात साधारण २० मिलि लिंबाचा रस आणि १२ ते १४ ग्रॅम साखर असा मेळ दिसतो. डायकिरी हे त्याचं सगळ्यात साधं उदाहरण. क्यूबात सांतियागोजवळच्या डायकिरी गावी लोखंडाच्या खाणी होत्या. तिथल्या जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकी अभियंत्याच्या नावावर १८९८ च्या सुमारास हे पेय सांगितलं जातं. त्यात पांढरी रम, लिंबू आणि साखर एवढंच असतं. उन्हाळी देशातलं पेय आहे आणि तिन्ही वस्तू आपल्या घरात असतात. मी आंब्याचं कॉकटेल करते ते याच सांगाड्यावर, साखरेचा बराचसा भाग आंब्याकडून घेऊन.

आता कृती. एका ग्लासाला ४५ मिलि पांढरी रम, ४५ मिलि गाळलेला आंब्याचा रस, २० मिलि लिंबाचा रस, १० मिलि साखरेचा पाक आणि मिठाची अगदी छोटी चिमूट. हे बर्फासोबत जोरात हलवायचं, ताज्या बर्फावर गाळायचं आणि वरून ६० मिलि साधा, बिनसाखरेचा सोडा. ४५ मिलि आंब्याच्या रसातून सुमारे ८ ग्रॅम साखर येते, १० मिलि पाकातून ६ ग्रॅम. झाले १४ ग्रॅम. समोर २० मिलि लिंबाचं सव्वा ग्रॅमच्या आसपास आम्ल. हिशेब जुळतो, आणि जिभेवरही तो जुळलेला लागतो. तुमच्या ग्लासात हीच साखर बहुधा याच्या दुप्पट होती आणि आम्ल नावापुरतं.

पाक म्हणजे आपला गुलाबजामचा तारेचा पाक नव्हे. वजनाने समान साखर आणि पाणी, साखर विरघळेपर्यंत कोमट करायचं, बस. उकळी आणायची गरज नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर आरामात राहतो. सुटी साखर गार पेयात नीट विरघळत नाही, तळाला खरखर बसते आणि शेवटचा घोट गोड होतो, म्हणून पाकच हवा.

आंबा कोणता घ्यायचा याबद्दल माझं मत ठाम आहे. कॉकटेलसाठी हापूसपेक्षा पायरी उजवी. हापूस खायला राजा असेल, पण त्याचा गर दाट असतो आणि गोडी सरळ असते. पायरीला अंगचा आंबूसपणा आहे, रस पातळ आहे आणि वास ग्लासभर पसरतो. आमरसाला जुनी माणसं पायरी मागतात ते याच कारणाने. मेच्या मध्यावर पायरी बाजारात चांगली असते आणि हापूसपेक्षा स्वस्तही. घरी हापूसची पेटी आलेलीच असेल तर तोच वापरा, पण मग लिंबू २२ ते २५ मिलि करा. रायवळ, म्हणजे चोखून खायचा गावठी आंबा, मिळाला तर फारच छान. त्याला दोऱ्या असतात, गाळायला कष्ट पडतात, पण वास असा की रमच्याही वर उठतो. डब्यातला पल्प वापरायचाच झाला तर लेबल वाचा. बहुतेकांत साखर घातलेली असते, तेव्हा पाक बंद.

रस मिक्सरमधून काढला तरी चालतो, पण थांबत थांबत, दोन-तीनदाच फिरवा. सतत फिरवला तर हवा भरते, फेस येतो आणि रस गरम होऊन त्याचा ताजा वास जातो. माझी पद्धत जुनी आहे : आंबा हाताने माचवायचा, रस पिळून काढायचा, आणि मग बारीक गाळणीवर डावाच्या पाठीने दाबून गाळायचा. गाळणीत दोऱ्या राहतात आणि खाली येतो तो रस तकतकीत, चमच्यावरून संथ ओघळणारा. हा रस शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवायच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, इतर सगळ्याशी एकजीव होतो. तुमचा रस तळाला बसला त्याचं एक कारण गाळलेला नव्हता आणि दुसरं म्हणजे चमच्याने ढवळलात. दाट फळ ढवळून मिसळत नाही, ते हलवावंच लागतं.

आंब्यात लपलेला साका, म्हणजे गरातला पांढरट बिघडलेला भाग, किंवा देठाजवळचा कडसर चीक रसात गेला तर सगळाच रस बिघडतो. म्हणून प्रत्येक आंब्याचा रस आधी वेगळ्या वाटीत काढा, चाखा आणि मग मोठ्या भांड्यात घाला.

लिंबू कागदी घ्या, पातळ सालीचं, दाबल्यावर मऊ लागणारं. एका मध्यम लिंबातून १५ ते २० मिलि रस निघतो, म्हणजे सहा जणांना दोन-दोन ग्लास द्यायचे तर १५ लिंबं आणून ठेवावीत. पिळणीत घालून शेवटचा थेंब निघेपर्यंत दाबू नका, सालीतला कडवटपणा उतरतो. रस त्याच दिवशी काढायचा. सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवलेला संध्याकाळी चालतो, दुसऱ्या दिवशी मात्र त्याची धार गेलेली असते. बाटलीतला तयार लिंबाचा रस या कामाचा नाही, त्याला शिजल्यासारखी चव असते.

याहून सुंदर एक गोष्ट करून बघा. आंबट कैरी किसा, किसाला किंचित मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि सुती कपड्यातून पिळा. निघणारा रस हिरवट, पातळ आणि कच्च्या वासाचा असतो. लिंबाचे १० मिलि कमी करून त्याजागी हा २० मिलि घाला. आम्ल जवळजवळ तेवढंच राहतं, पण एकाच ग्लासात पिकलेला आणि कच्चा आंबा दोन्ही येतात. माझ्या मते आंब्याचं कॉकटेल यापेक्षा चांगलं होत नाही. किसाला मीठ लावलेलं असतं, त्यामुळे वेगळी चिमूट नको.

मिठाबद्दल लोक विचारतात की पेय खारट करायचं का. नाही. मीठ जाणवता कामा नये. ते कडवटपणा दाबतं आणि फळाची चव पुढे आणतं. पन्ह्यात आणि लिंबू सरबतात आपण मीठ घालतोच, तेच इथे.

मोजमाप ही घरातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. पेग मोजायचं माप नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतो तो खुणांचा छोटा कप धुऊन वापरा. तोही नसेल तर मोजायचा मोठा चमचा १५ मिलिचा आणि छोटा ५ मिलिचा असतो. रम अंदाजाने ओतली तर चालेलही, पण लिंबू आणि पाक अंदाजाने ओतायचे नाहीत. ५ मिलिचा फरक लगेच कळतो. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली किंवा जिममध्ये नेतात तो प्रोटीन शेकर उत्तम काम करतो. सोडा कधीही आत घालून हलवायचा नाही, झाकण उडेल.

हलवताना काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पाणचटपणाचं कोडं सुटेल. शेकर बर्फाने निम्म्याहून जास्त भरा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. स्टीलवर बाहेरून धुकं धरतं, बोटं गारठतात. एवढ्या वेळात पेयाच्या साधारण पाव हिश्श्याइतकं पाणी बर्फातून उतरतं. हे पाणी हवंच आहे. ते नसेल तर मद्य घशाला लागतं आणि पेय जड वाटतं. पण ते आधी, एकदम आणि मोजून आलं पाहिजे. त्यानंतर पेय शून्याच्या आसपास पोचलेलं असतं आणि ताज्या बर्फावर ओतलं की तो बर्फ हळूहळू विरघळतो. तुमचं उलट झालं. कोमट रस, कोमट व्होडका, त्यात तीन-चार खडे. पेय गार करण्याचं सगळं ओझं त्या खड्यांवर पडलं आणि ते दहा मिनिटांत संपले. बर्फ कमी घातला की पेय कमी पाणचट होईल ही समजूत उलटी आहे. ग्लास काठोकाठ भरा.

बर्फाचा वासही बघा. फ्रीझरमध्ये उघड्या ट्रेच्या शेजारी मासे किंवा आलं-लसणाचं वाटण असेल तर बर्फ तो वास धरतो आणि आंब्यासारख्या नाजूक फळात तो लगेच जाणवतो. आदल्या दिवशी उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ करा, झाकणाच्या डब्यात ठेवा. सहा जणांना तीन-चार ट्रे पुरत नाहीत. बाजारातून खाण्याच्या बर्फाची दोन-तीन किलोची पिशवी आणा. बाटल्या गार करायला लागणारा बर्फ वेगळा, कारखान्यातल्या लादीचा चालेल, पण तो ग्लासात नको.

सहा जणांसाठी एकेक ग्लास हलवत बसलात तर तुम्ही गप्पांना मुकाल. त्यापेक्षा दुपारी एका जगमध्ये २७० मिलि रम, २७० मिलि आंब्याचा रस, १२० मिलि लिंबू, ६० मिलि पाक आणि दोन चिमटी मीठ एकत्र करा. हे ७२० मिलि झालं. आता यात बर्फ पडणार नाही आणि शेकरमध्ये जाणार नाही, म्हणजे ते पाव हिस्सा पाणी येणार कुठून? ते तुम्ही घालायचं : १५० ते १८० मिलि गार, पिण्याचं पाणी. हे पाणी घालायला लोक विसरतात आणि मग जगमधलं पेय कडक लागतं. सगळं एका मोठ्या बाटलीत भरून किमान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे आले की बाटली चांगली हलवा, बर्फाने भरलेल्या ग्लासात १५० मिलि ओता, वर गार सोडा घाला आणि चमचा एकदाच खालून वर फिरवा. जगमध्ये आधीच सोडा घालायचा नाही, अर्ध्या तासात त्याचा जीव जातो.

वाढण्याआधी एक ग्लास पूर्ण तयार करून, सोडा आणि बर्फासकट चाखा. नुसतं जगमधलं चाखून काही कळत नाही. सपाट लागलं तर आधी लिंबू ५ मिलि वाढवा. आंबट होऊन तोंड वळत असेल तर पाक ५ मिलि. दोन्ही ठीक असून काहीतरी कमी वाटत असेल तर मीठ.

मद्य कोणतं? पांढरी रम आंब्याला सगळ्यात जवळची, कारण ती उसाची आणि तिच्यात आपला एक गोडसर वास असतो. ओल्ड मंकसारखी काळी रम वापरली तर रंग मळकट होतो पण व्हॅनिला आणि गुळासारखी चव येते. हापूससोबत मला ती आवडते, पायरीसोबत नाही. व्होडका चालते, तिची स्वतःची चव नसल्याने फक्त फळ पुढे येतं. जिनमधल्या ज्युनिपरचा, म्हणजे जिनला वास देणाऱ्या दाण्यांचा, आणि आंब्याचा सूर जुळत नाही, जिन कलिंगडासाठी राखा. आपल्याकडच्या बहुतेक रम, व्होडका ४२.८ टक्क्यांच्या असतात. त्या फ्रीझरमध्ये गोठत नाहीत, आदल्या रात्री ठेवल्या तर पेय गार करायचं निम्मं काम तिथेच होतं.

इतर फळांचं थोडक्यात. कलिंगडात ९० टक्क्यांवर पाणीच असतं, म्हणून त्याच्या जगमध्ये वरचं पाणी घालायचं नाही. रस काढून गाळा, त्याला लिंबू जास्त लागतं आणि पुदिन्याची दोन पानं शोभतात. अननस हलवला की वर छान फेस धरतो, पण रस ताजाच हवा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी एप्रिलपर्यंत संपत येते, मेमध्ये मिळते ती बहुतेक शीतगृहातली. जांभूळ तुरट आहे, त्याला पाक आणि मीठ दोन्ही थोडं जास्त घाला, बिया मात्र मिक्सरमध्ये फुटू देऊ नका. करवंदांचा चीक ओठांना लागतो, ती अर्धा तास पाण्यात ठेवून, धुऊन मगच वापरा.

कोकमाला मात्र थोडी जागा देते, कारण तो आपल्या घरचा आंबट पदार्थ आहे आणि कॉकटेलमध्ये त्याला लिंबाची बरोबरी करता येते. कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला दाट रस, १० मिलिपासून सुरू करा. प्रत्येक घरचं आगळ वेगवेगळं खारट असतं, म्हणून एकदम १५ मिलि ओतू नका. ४५ मिलि जिन, १० ते १५ मिलि आगळ, २० मिलि पाक, बर्फ आणि १२० मिलि सोडा. वेगळं मीठ अजिबात नाही. रंग असा गडद लाल येतो की ग्लास उजेडात धरावासा वाटतो. अमृत कोकम वापरलंत तर त्यात साखर असतेच, पाक बंद आणि थोडं लिंबू घाला. आंबा आणि कोकम एका ग्लासात मात्र नको. चव जमते, पण रंग चिखलासारखा होतो, आणि पाहुण्याला तो समोर ठेवावासा वाटत नाही.

तुम्ही मे महिन्यात गोव्यात असाल किंवा तुमचे नातेवाईक तिथे असतील, तर माझी शिफारस आंबा सोडून उर्राकाची, म्हणजे काजूच्या बोंडांच्या हलक्या दारूची. हे पेय त्या दोन-तीन महिन्यांचंच आहे. फेब्रुवारीअखेर काजूची बोंडं पिकायला लागतात. खाली पडलेली बोंडं गोळा करून, काजू पिळून वेगळे काढून, दगडात कोरलेल्या कुंडात (त्याला तिथे कोळंबी म्हणतात) ती तुडवतात. रस दोन-तीन दिवस आंबवतात आणि भट्टीवर तांब्याच्या भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, उकळतात. पहिल्या धारेला जे उतरतं ते उर्राक, साधारण १५ टक्क्यांच्या आसपासचं, हलकं, बोंडांचा वास जसाच्या तसा. तेच पुन्हा उकळलं की फेणी, ४२ टक्क्यांच्या पुढे. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी वर्षानुवर्षं राहते, उर्राक राहत नाही. पावसाळा सुरू झाला की त्याची चव उतरायला लागते.

उर्राक पिण्याची गोव्यातली रीत साधी आहे आणि ती बदलण्यात अर्थ नाही. मोठा ग्लास बर्फाने भरायचा, ९० मिलि उर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची, आणि वर लिम्का. इथे गोड लिंबू सोडा चालतो, कारण उर्राकात साखर नसते आणि बोंडाचा तुरटपणा असतो. गोडी त्या तुरटपणाला धरून राहते. मिरची तिखटासाठी कमी आणि वासासाठी जास्त असते. बिया काढून टाका, मिरची ग्लासात वरून खाली एकदा दाबा. घोट घेताना आधी हिरवा वास येतो, मग लिंबू, मग बोंडाचा तो ओळखीचा तुरट शेवट. लिम्का नको असेल तर संत्र्याचा ताजा रस आणि सोडा निम्मा-निम्मा. आंब्याचा रस यात घालू नका, बोंडाचा वास पार बुडतो. आणि उर्राकाची बाटली फ्रीझरमध्ये विसरू नका. मद्य कमी असल्याने ते गोठतं आणि काचेची बाटली तडकू शकते.

उर्राक ओळखीच्या भट्टीवरून किंवा परवानाधारक दुकानातूनच घ्या. रस्त्याकडेला पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून मिळतं त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते. आणि ती बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणायची नाही. सावंतवाडीकडे येताना इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते आणि गुन्हा दाखल होतो. वाईट याचं वाटतं की वेंगुर्ले, दोडामार्गच्या बागांमध्ये तीच बोंडं पडतात आणि बरीचशी झाडाखाली कुजून जातात. महाराष्ट्रात घरी मद्य पिण्यासाठी परवाना लागतो आणि रम, व्होडका, जिनसाठी वयाची अट २५ वर्षं आहे. दारूच्या दुकानात एक दिवसाचा परवाना लगेच मिळतो, तो सगळ्यांचा काढून ठेवा.

प्रमाणाबद्दलही मी आग्रहाने सांगते, कारण फळाच्या पेयात मद्य जाणवत नाही आणि उन्हात तहानेपोटी ग्लास भराभर रिकामे होतात. वर दिलेल्या आंब्याच्या एका ग्लासात दीड छोटा पेग आहे. दोन ग्लास म्हणजे तीन पेग. मी दोनवर थांबवते, आणि टेबलावर गार पाण्याचा तांब्या कायम भरलेला ठेवते. सोबत खारे शेंगदाणे पुरे नाहीत, पोटात काहीतरी भरीव हवं : थालीपीठ, बटाटेवडे, भाजलेले बांगडे, जे तुमच्याकडे होतं ते. ज्याला गाडी चालवायची आहे त्याला मद्याचा एक थेंबही नको. कायद्यात १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती आपल्याला वाटतं त्याच्या फार आधी ओलांडली जाते.

मद्य न घेणाऱ्यांना नुसता आमरस आणि सोडा देऊ नका, तो पुन्हा गोडमिट्टच होईल. रमच्या जागी ४५ मिलि कडक, गार केलेला कोरा चहा घाला. चहाचा तुरटपणा मद्यासारखी धार देतो. आल्याचा रस अर्धा छोटा चमचा आणि कुटलेली मिरी नखभर. बाकी लिंबू, पाक, मीठ, बर्फ, सोडा सगळं तेच, ग्लासही तोच. आमच्याकडे हा ग्लास पुष्कळदा मद्यवाल्यांच्या आधी संपतो.

सजावटीला आंब्याची पातळ फोड काठावर पुरे. काठाला तिखट-मीठ लावायचं असेल तर अर्ध्या काठालाच लावा, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल.

आणि रस थोडा जास्तच काढा. उरलेला गाळलेला रस लिंबाचे काही थेंब घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, घट्ट झाले की खडे पिशवीत भरून ठेवा. जूनमध्ये आंबा संपल्यावर पाच-सहा खडे, ४५ मिलि रम, लिंबू आणि पाक थेट मिक्सरमध्ये फिरवलंत की दाट, गोठलेली डायकिरी तयार होते. फक्त तिच्यात पाक १५ मिलि घाला, कारण इतक्या गार पेयात जिभेला गोडी कमी कळते.